एक जूनची एकेचाळीस घरं

एक जूनला संध्याकाळी साडेसात वाजता मी गोरक्षला मोबाइलवर एक निरोप बोलून पाठवला. मला टाइप करता येत नाही, आणि बोलायला लागले की तीस वर्षं नाटकात काढलेला गळा आपोआप शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. मी म्हटलं होतं, "गोरक्ष विधाते! साडेसात वाजले. सव्वीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, वर्षातली एक संध्याकाळ मागितली. तीही जड झाली तुला? मग ऐक. उद्यापासून या घराची पायरी चढायची नाही. मला तोंड दाखवायचं नाही. आणि ते पेढे तुझ्या बायकोलाच खाऊ घाल!"

राग लटका होता. थोडासा खराही होता, कारण मी पाच वाजल्यापासून जांभळी इरकल नेसून बसले होते.

वीस मिनिटांनी फोन वाजला. त्याचंच नाव दिसलं. मी उचलला आणि समोरच्याला श्वासही घेऊ न देता म्हटलं, "आता कशाला? माफी मागायला?"

पलीकडे मुलीचा आवाज होता. "आजी, मी वैष्णवी. बाबा गेले."

"कुठे गेले?" मी विचारलं. खरंच विचारलं.

 ती म्हणाली, "दुपारी. एकलहऱ्याला. हार्ट अटॅक आला. आता घरी आणलंय. मी बाबांच्या यादीतल्या सगळ्यांना फोन करतेय. तुमचं नाव शेवटी होतं म्हणून उशीर झाला."

 मग मला निरोप आठवला. "वैष्णवी, मी मघाशी तुझ्या बाबांना…"

"ऐकला, आजी. मी उघडला, तर फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकला. आईनं पण."

ठेवते म्हणून तिनं फोन ठेवला. मी तशीच उभी. गोरक्ष त्यांच्या हॉलमध्ये जमिनीवर ठेवलेला, भोवती माणसं, आणि त्या माणसांत माझा आवाज: मला तोंड दाखवायचं नाही. आयुष्यभर प्रेक्षागृहं भरून टाकली याचा मला अभिमान होता. त्या संध्याकाळी मी एक हॉल भरला, तो असा.

अंत्ययात्रेला मी गेले नाही. धैर्य झालं नाही. गोरक्षच्या बायकोला, उज्वलाला, मी त्यापूर्वी एकदाही भेटले नव्हते. आता भेटायचं तर कुठल्या तोंडानं? ती मला दारात उभी करील का, आणि न केलं तर माझ्याजवळ त्याला उत्तर काय, हाच विचार पुढचे दहा दिवस माझ्यापुढे बसून होता.

आधी गोरक्ष कोण ते सांगायला हवं.

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका वस्तीवरचा मुलगा. वडील मोतीराम दुसऱ्यांच्या द्राक्षबागांची छाटणी करायचे. गोरक्ष बारावीनंतर काही वर्षं पॅकहाउसमध्ये खोकी भरत होता, मग विम्याचा एजंट झाला. लग्न केलं, जेलरोडला दोन खोल्या घेतल्या, आणि स्कूटरवर अर्धा जिल्हा फिरू लागला. स्कूटरच्या डिकीत कोरे फॉर्म, शाईचं पॅड, डिंकाची बाटली आणि कोणाकोणाचे पासपोर्ट फोटो. गिऱ्हाइकांचे फोटो त्याच्याकडे त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त असायचे. कोणाला रक्त हवं असलं की त्याला फोन, कारण फॉर्मवरचे रक्तगट त्यानं वहीत उतरवून ठेवलेले. कोणाच्या मुलाचा शाळाप्रवेश अडला, कोणाच्या आईचं आधार कार्ड अडलं, तरी त्यालाच फोन. विम्याशी काही संबंध नसायचा. "एकदा दारात गेलो ना बाई, मग ते दार आपलंच," म्हणायचा.

माझ्या दारात तो आला एकोणीसशे नव्याण्णवच्या दिवाळीत. नाटक कंपनी बंद होऊन वर्ष झालं होतं. मी पंचवटीत भाड्यानं राहत होते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलींना नाच शिकवत होते. कोणीतरी त्याला सांगितलेलं, त्या नटीकडे जा, एकटी आहे, पेन्शनची पॉलिसी घेईल.

"वय?" फॉर्म पुढे ओढत त्यानं विचारलं.

"अडतीस लिही."

त्यानं पेन थांबवलं. "बाई, मी लिहीन हो. पण हाफिसवाले शाळेचा दाखला मागत्यात."

दाखला निघाला. एक जून एकोणीसशे एकोणपन्नास. त्यानं तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता पन्नास लिहिलं. "स्टेजवरनं अडतीसच दिसत असणार," एवढंच म्हणाला. माझं वय त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. इतकं गुपित माझ्या सख्ख्या बहिणीनंही ठेवलं नव्हतं.

आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा आहे. आई घेऊन गेली शाळेत, मास्तरांनी विचारलं जन्म कधीचा, आई म्हणाली बाजरी काढत होते तेव्हाचा. मास्तरांनी लिहिलं एक जून. गोरक्षच्या गिऱ्हाइकांत अशी एकेचाळीस माणसं होती. बाकीचे एजंट वाढदिवसाला फोन करायचे, पुढे मेसेज पाठवू लागले. हा मात्र स्वतः जायचा, प्रत्येकाच्या दारात, दोन पेढे घेऊन. एरवी ठीक होतं, पण एक जूनला एकेचाळीस घरं! पहाटे पिंपळगावपासून सुरुवात, मग महामार्गानं खाली, द्वारका, नाशिकरोड, एकलहरे, आणि तिथून उलटा फेरा घेऊन पंचवटीत माझ्याकडे. मी शेवटची.

"अरे, हा काय खरा वाढदिवस आहे का? मास्तरांनी लिहिलेला," मी एकदा म्हटलं.

"असू दे ना. त्यांच्यातल्या कितीकांना दुसरा कोणता दिवसच नाय," तो म्हणाला. "कोणीतरी दारात यावं एक दिवस. नाव घेऊन."

पॉलिसी विकून विसरणाऱ्यांतला तो नव्हता. माणूस गेलं की दाव्याचा फॉर्म घेऊन तो स्वतः त्या घरी जायचा. पेठकडच्या भागीबाईची गोष्ट त्यानं मला सांगितली होती. तिचा नवरा काळू द्राक्षाच्या हंगामात मजुरीला यायचा, तिथेच गोरक्षनं त्याची लहानशी पॉलिसी उतरवली. काळू विहिरीत पडून गेला. गोरक्ष पेठला पोहोचला तर भागीबाईनं पॉलिसीचा कागद देवापुढून काढून दिला. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. नंबर, नाव, सही, सगळं कुंकवाखाली गेलेलं. दुसरी प्रत मिळवायला त्यानं पेठच्या पाच खेपा केल्या. तेव्हापासून कोणालाही कागद देताना तो बजावायचा, "पूजा करायची तर पाकिटाची करा. कागदाला बोट लावू नका."

असा माणूस. एक जूनला दुपारी एकलहऱ्याला दत्तू नावाच्या कामगाराकडे पेढे दिले, बसला, पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत मान कलली. दत्तूची बायको तांब्या घेऊन तशीच उभी राहिली म्हणे. अजून अठरा घरं बाकी होती.

दहाव्या दिवशी मी निघाले. अकरा वाजता जेलरोडच्या घरी पोहोचायचं, उज्वलापुढे हात जोडायचे, दोन वाक्यं बोलायची आणि परत फिरायचं, असं ठरवलं. वाक्यं पाठ केली. रिक्षात बसल्यावर पुन्हा घोकली.

द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या. रिक्षा उड्डाणपुलाखाली थांबली आणि समोरच्या खांबावर गोरक्ष दिसला. फ्लेक्सवर. निळा शर्ट, भांग नीट पाडलेला. एजंट मित्रमंडळानं लावलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. खाली दोन तारखा. जन्म एक जून एकोणीसशे सदुसष्ट. मृत्यू एक जून दोन हजार पंचवीस.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

रिक्षावालाही तेच वाचत होता. "आयला, जन्मला त्याच दिवशी गेला," तो म्हणाला. "नशीब लागतं, मावशी, असं मरण यायला."

  जूनच्या उन्हात, द्वारकेच्या धुरात, मला हुडहुडी भरल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं तो माझा वाढदिवस म्हणून आला. मी दरवर्षी आरतीला उभं राहावं तशी नटून दारात उभी. तुझा कधी असतो रे, असं मी सव्वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. एकदाही. आणि एकलहऱ्याहून पंचवटीला येताना जेलरोड वाटेत लागतो. म्हणजे स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःचं घर ओलांडून तो माझ्याकडे यायचा, आणि सातला आलेला माणूस मी नऊ-साडेनऊपर्यंत सोडायची नाही.

मग निरोपातलं एकेक वाक्य कानात वाजू लागलं. वर्षातली एक संध्याकाळ. तीही जड झाली तुला? हे उज्वलानं ऐकलं होतं.

"रिक्षा मागे घ्या," मी म्हटलं.

"मागे कुठं घेऊ? मागं ट्रक आहे."

खरंच मागे ट्रक होता. सिग्नल सुटला आणि रिक्षा पुढेच गेली.

घरात सतरंजीवर बायका बसलेल्या. भिंतीशी गोरक्षचा फोटो, त्याच्याजवळ उज्वला. बुटकी, सावळी, डोळे कोरडे. वैष्णवीनं मला बाबांच्या फोनमधल्या फोटोवरून ओळखलं आणि "आई, मोहिनीआजी," म्हणाली. बायकांची कुजबुज थांबली. त्या आवाजाची बाई हीच, हे सगळ्यांना कळलं.

पाठ केलेली दोन्ही वाक्यं गेली. रंगमंचावर असं कधी झालं नव्हतं.

"बसा," उज्वला म्हणाली.

मी बसले. "उज्वलाताई, मला माहीत नव्हतं हो…"

"काय माहीत नव्हतं? ते गेले ते, का त्यांचा वाढदिवस?"

"दोन्ही."

"हां."

"आई, राहू दे ना," वैष्णवी हळूच म्हणाली.

"राहू दे काय? सव्वीस वर्षं राहूच दिलंय." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "ही लहान असताना केकसमोर झोपून जायची. मी औक्षणाचं ताट करून बसायची. हे दहाला यायचे. का उशीर? तर बाईंकडे बसलो. दरवर्षी बाईंकडे. मी म्हणायची, आहे तरी कोण ही बाई! तुमचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला मी. हे असे समोर असताना."

मी मान खाली घातली. बाजूला काळ्या लुगड्यातली एक म्हातारी होती, ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बोल गं बाय, गप नको बसू. मी बी साहेबाला शिव्या दिल्या होत्या."

ती भागीबाई होती. पहाटेच्या एसटीनं पेठहून आली होती. "नवरा मेला त्याच्या दुसऱ्या दिशी साहेब आला न दारातच कागुद पुढं केला. सही कर म्हनला. मी लय शिव्या दिल्या, हाकलून दिला. मंग महिन्यानं आला, तर गप बसला, पानी मागितलं, काईच बोलला नाय. तवा मीच बोलले."

उज्वला तिच्याकडे बघत होती. हे तिलाही नवीन होतं. मग ती माझ्याकडे वळली. "दोन-दोन तास काय करायचे ते तुमच्याकडे?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

"तालीम," मी म्हटलं.

"कसली?"

"भागीबाईंनी हाकललं ना, त्याच वर्षी, पहिल्याच एक जूनला, तो आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. म्हणाला, बाई, तुम्ही स्टेजवर किती जणांची मरणं सोसलीत. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याच्या घरात कसं शिरायचं, ते मला शिकवा. माझं चुकतं. मी भीतीनं आधी कागद काढतो."

भागीबाईनं मान हलवली.

"मी हसले होते," मी पुढे म्हटलं. "मग शिकवलं. मी घरातली बाई व्हायची, तो दारातून यायचा. पहिल्या वर्षी असा आला जसा काही हप्त्याची आठवण करायला आलाय! मी म्हटलं, गोरक्ष, परत जा, पुन्हा ये. वीस वेळा आत-बाहेर केलं त्यानं. शेजारचे म्हणाले, याला घरात घेत का नाही ही? दरवर्षी तेच. नवीन काही घडलेलं असायचं, एखाद्या आईपुढे जीभ अडखळलेली असायची, एखाद्या बापाला काय बोलावं ते सुचलेलं नसायचं. ते तो मला सांगायचा आणि आम्ही पुन्हा करून बघायचो. अभिनय काही आला नाही त्याला. पण चार-पाच वर्षांनी दारात उभा राहिला की मलाच खरोखर रडू यायचं."

उज्वलाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ओठ घट्ट दाबले गेले होते. "मला नाही सांगितलं कधी," ती म्हणाली.

"लाज वाटायची त्याला. म्हणायचा, बायकोला वाटतं मला हे आपसूक जमतं."

"मला तसंच वाटायचं." ती फोटोकडे बघत राहिली.  मग म्हणाली, "दाखवा."

"काय?"

"कसे उभे राहायचे ते. तुम्ही बघितलंय ना सव्वीस वर्षं. मी कधी अशा घरी त्यांच्याबरोबर गेले नाही. मला बघायचंय."

शहात्तर वर्षांची मी, दहाव्याच्या घरात, बायकांच्या गराड्यात. नटीनं जिथे उभं राहू नये अशी जगात एखादी जागा असेल तर तीच ती. नाही म्हणायला तोंड उघडलं. पण तिचा चेहरा बघितला आणि उठले. गुडघे धरून उठावं लागलं. वैष्णवीनं काही न विचारता खुंटीवरचं त्याचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं.

मी दाराबाहेर गेले. चपला काढल्या. गोरक्ष चपला काढताना नेहमी वाकायचा, पायानं ढकलायचा नाही, तशा काढल्या. उंबऱ्याशी थांबले. खांदे थोडे पाडले, मान एका बाजूला, हेल्मेट उजव्या हातात पोटाशी धरलेलं. आत आले. दोन पावलं. तिथेच उभी राहिले. काही बोलले नाही, कारण तो बोलायचा नाही.

भागीबाईनं तोंडाला पदर लावला. "तोच गं, तोच," ती म्हणाली.

उज्वला मात्र डोळे बारीक करून बघत होती. मग उठली. माझ्यासमोर आली, हेल्मेट माझ्या उजव्या हातातून काढलं आणि डाव्या हातात दिलं.

"डाव्या हातात धरायचे," ती म्हणाली. "उजवा मोकळा ठेवायचे. घरीसुद्धा. कोणी धरायला आलं तर हात रिकामा पाहिजे म्हणायचे."

"हे मी शिकवलं नव्हतं," मी म्हटलं.

"नाही. हे त्यांचंच आहे."

आणि तिनं माझा उजवा हात धरला. पहिल्यांदा नुसता धरला, मग घट्ट, आणि मग तिच्या अंगातून जे दहा दिवस बाहेर आलं नव्हतं ते आलं. वैष्णवी धावली, बायका उठल्या. मी तशीच उभी राहिले. अशा वेळी बोलायचं नसतं, एवढं तरी मला ठाऊक होतं.

शांत झाल्यावर तिनं मला आपल्या शेजारी बसवलं. नाक पुसलं. "माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"जाऊ नये," मी म्हटलं.

"त्या निरोपाचा नाही. तो मला कळला, तुम्ही चिडवत होता ते. संध्याकाळींचा आहे."

"त्याच्यावर मला काही उत्तर नाही, उज्वलाताई."

"नसू दे. पण बाकीच्या तालमी सांगा. सगळ्या. आज नाही झालं तर उद्या या."

हात तिनं सोडला नव्हता. वैष्णवीनं चहा आणला, तेव्हा मी हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि कप डाव्या हातात घेऊन दुसऱ्या वर्षापासून सांगायला सुरुवात केली.